स्लाइडचा रोल घेताना खरं काय ते सांगा : फिल्म लॅब चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, बेंगळुरू आणि जिथे जिथे अजून फिल्म धुतली जाते तिथल्या लॅबचे मालक आणि डार्करूममध्ये प्रत्यक्ष उभं राहून काम करणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. गेली अठरा वर्षं खानापूर तालुक्यातली झाडंझुडपं आणि फुलं स्लाइड फिल्मवर, म्हणजे धुतल्यावर जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं पारदर्शक चित्र येतं अशा फिल्मवर, टिपतोय. जांबोटी, कणकुंबी, पुढे चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता, इकडे भीमगडच्या जंगलाची कड, एवढाच माझा मुलूख. हे पत्र लिहायला बसलो ते एका रोलमुळे.

त्या वर्षी घाटाच्या अलीकडच्या एका उतारावर कारवी फुलली होती. कारवीचं तुम्हाला माहीत असेल. सात वर्षं नुसती हिरवी झुडपं, मग एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा डोंगर जांभळा होतो, बी धरतं आणि झुडूप मरून जातं. मी तीन रविवार पहाटे पाचला घर सोडून तिथे गेलो. पाऊस, धुकं, जळवा, सगळं सोसलं. छत्तीस फ्रेम जपून जपून काढल्या. रोल कुरिअरने एका लॅबकडे पाठवला. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : स्लाइड फिल्म, ई-६. ई-६ म्हणजे स्लाइड धुण्याची पद्धत. कॅसेटवरही कंपनीने तेच छापलेलं असतं.

वीस दिवसांनी पाकीट आलं. पट्टी बाहेर काढून खिडकीकडे धरली. पानं किरमिजी, फुलं पिवळट हिरवी, आभाळ काळं. म्हणजे निगेटिव्ह. तीही साध्या रंगीत निगेटिव्हला असते ती नारिंगी झाक नसलेली. रोल ई-६ ऐवजी सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या केमिकलमध्ये घातला गेला होता. एकदा तसं झालं की परतीची वाट नाही. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, स्कॅन करून उलटं करून देतो की." त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. त्याला कोणी शिकवलंच नसावं. पण तो उतार पुन्हा फुलायला सात वर्षं आहेत आणि मी आता एकसष्ट वर्षांचा आहे.

त्या लॅबचं नाव मी इथे लिहिणार नाही. भांडायला म्हणून हे पत्र लिहीत नाही. हा रोल तुमच्यापैकी कोणाच्याही टेबलावर आला असता, आणि पुढेही येणार आहे.

स्लाइडच का, असं मला बरेच जण विचारतात. आमचे मामा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १९८० च्या दशकात त्यांनी याच भागात शेकडो स्लाइड काढल्या. तेव्हा गल्लीतला स्टुडिओवाला रोल जमवून मुंबईला पाठवायचा आणि पंधरा दिवसांनी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या स्लाइड परत यायच्या. प्रत्येक चौकटीवर मामांच्या बारीक अक्षरात झाडाचं नाव, जागा, तारीख. मामा गेल्यावर मामींनी ते डबे माझ्याकडे दिले. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत काहींवर बुरशीची जाळी चढली होती, पण बाकीच्या स्लाइड लाइट बॉक्सवर ठेवल्या आणि मी थक्क झालो. चाळीस वर्षांपूर्वीचा कणकुंबीचा पाऊस, मलप्रभेचा उगम, माउलीच्या देवळामागची झाडी, सगळं कालच्यासारखं. तेव्हापासून मी मामांच्या जागा शोधून त्याच महिन्यात, त्याच कोनातून, स्लाइडवरच फोटो काढतो. मामांची स्लाइड डावीकडे, माझी उजवीकडे. जंगल कुठे मागे सरलं, कुठे तग धरून आहे, ते त्या दोन चौकटींत दिसतं. आता ही तुलना खरी ठरायची तर उजवीकडची स्लाइड नीट धुतलेली हवी. रंग लॅबमध्ये बिघडला असेल तर माझं सगळं कामच खोटं ठरतं.

तुम्ही हे काम रोज करता, तरी एक गोष्ट सांगतोच, कारण काउंटरवर बसणाऱ्या नव्या मुलांना ती कोणी सांगत नाही. निगेटिव्ह धुताना थोडं कमीजास्त झालं तर प्रिंट काढताना किंवा स्कॅन करताना ते सावरून घेता येतं. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. स्लाइडमध्ये टाकीतून बाहेर येते तीच शेवटची वस्तू. तिच्यापुढे सावरायला कोणी नाही. फोटो काढतानाही अर्ध्या स्टॉपची चूक स्लाइड खपवून घेत नाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), मग धुताना कशी घेईल?

ई-६ मधला पहिला डेव्हलपर सगळ्यात महत्त्वाचा. ३८ अंश सेल्सिअस आणि सहा मिनिटं. तिथे फिल्मवर आधी कृष्णधवल निगेटिव्ह तयार होते. मग रिव्हर्सल बाथ, जिथे उरलेल्या चांदीच्या क्षारांना प्रकाश न दाखवता केमिकलनेच उलटवलं जातं. मग कलर डेव्हलपर, तिथे रंग तयार होतात. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात आणि मागे फक्त रंग उरतो. पहिल्या डेव्हलपरचं तापमान अर्ध्या अंशाने जरी घसरलं किंवा केमिकल थकलेलं असलं, तर स्लाइड काळपट येते. जास्त झालं तर फिकी पडते. कलर डेव्हलपरचा सामू ढळला तर सगळ्या रोलवर किरमिजी नाहीतर हिरवट झाक चढते. ब्लीच थकलं असेल तर चांदी आत राहून जाते आणि चित्र मातकट, मेलेलं दिसतं.

हा शेवटचा दोष मात्र दुरुस्त होतो. रोल पुन्हा ताज्या ब्लीचमधून आणि फिक्सरमधून काढला की बऱ्याचदा चित्र उजळतं. म्हणूनच सांगतो, गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की लगेच "तुमचं एक्स्पोजर चुकलं" म्हणू नका. आधी फिल्मचा काठ बघा. स्लाइडचा प्रकाश न लागलेला काठ दाट काळा हवा. कंपनीने कारखान्यातच छापलेले फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव स्वच्छ, चमकदार हवं. माझा कॅमेरा त्या काठाला हातही लावत नाही. काठ पातळ, तपकिरी दिसत असेल किंवा आकडे विझलेले असतील तर चूक टाकीतच झाली.

माझ्याकडे असा एक रोल आहे, दुसऱ्या एका लॅबमधून आलेला. सगळ्या फ्रेम किरमिजीकडे झुकलेल्या. आता गंमत बघा, काही निळ्या-जांभळ्या फुलांच्या बाबतीत मुळातच एक अडचण असते. ही फुलं गडद लाल प्रकाशही बराच परावर्तित करतात. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, पण फिल्मचा लाल रंग पकडणारा थर तो टिपतो. त्यामुळे डोळ्याला निळं दिसलेलं फूल स्लाइडवर गुलाबीकडे सरकतं. म्हणजे थोडा गुलाबीपणा फुलाचा आणि फिल्मचा, त्यावर लॅबने चढवलेला आणखी किरमिजी. किती कोणाचा, हे ठरवायचं कसं? यावर उपाय म्हणून मी आता प्रत्येक रोलची पहिली फ्रेम करड्या कार्डाची, म्हणजे कसलीही रंगाची झाक नसलेल्या करड्या पुठ्ठ्याची, काढतो. सावलीत नाही, दुपारच्या स्वच्छ उन्हात. ती फ्रेम करडी आली तर रोल नीट धुतला गेला. ती गुलाबी आली तर दोष लॅबचा. त्या रोलवर ती गुलाबी होती.

मी स्लाइड मागतो तशी ही करडी फ्रेमसुद्धा मागतो, पण बऱ्याच ठिकाणी ती "काही नाही, ब्लँक आहे" म्हणून कापून टाकली जाते. कृपा करून टाकू नका.

आता तुमच्या बाजूचं. मला ते ठाऊक आहे आणि ते बोलल्याशिवाय हे पत्र न्यायाचं होणार नाही. एके काळी कॅलेंडरवाले, मासिकं, जाहिरात कंपन्या, डॉक्टरांची व्याख्यानं, कॉलेजातले तास, सगळीकडे स्लाइड लागायच्या. छपाईला ट्रान्सपरन्सीच, म्हणजे स्लाइडच, मागायचे. मोठ्या शहरांतल्या लॅबच्या टाक्या दिवसभर चालू असायच्या आणि रोज नवं केमिकल भरलं जायचं, म्हणून ते ताजं राहायचं. व्याख्यानं संगणकावर गेली, कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं आणि २०१२ मध्ये एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्मही बंद केली. २०१८ मध्ये एक्टाक्रोम परत आली खरी, पण तोवर बऱ्याच लॅबनी ई-६ च्या टाक्या विकून टाकल्या होत्या. फिल्म परत आली, धुणारे हात कमी झाले. आज तुमच्याकडे आठवड्याला दोन-तीन स्लाइडचे रोल येत असतील. तेवढ्यासाठी केमिकल कालवायचं तर परवडत नाही आणि कालवून ठेवलं तर ते बाटलीत बसल्या बसल्या खराब होतं. मग जुन्या केमिकलवर एखादा रोल काढला जातो. यात लबाडी नसते, नाइलाज असतो. पण त्या नाइलाजाची किंमत गिऱ्हाईक भरतो आणि त्याला ते कळतही नाही.

कोडाक्रोमचं काय झालं ते आठवा. १९३५ साली आलेली ती कोडॅकचीच स्लाइड फिल्म. तिचे रंग फिल्ममध्ये नसायचेच, ते धुताना एकेका थरात भरावे लागायचे. त्यामुळे ती पद्धत फारच अवघड आणि मोठ्या यंत्राशिवाय न होणारी. २००९ मध्ये फिल्म बंद झाली तेव्हा जगात ती धुणारी एकच लॅब उरली होती, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या गावी. ३० डिसेंबर २०१० नंतर तिनेही रोल घेणं थांबवलं. त्यानंतर कोणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला तर त्यातून रंग काढायचा रस्ता संपला. ई-६ चं तसं नाही. रंगाचा मसाला फिल्मच्या थरांतच असतो, म्हणून काळजी घेणारा कोणीही माणूस, अगदी लहान टाकीतसुद्धा, ते नीट करू शकतो. यंत्र नसेल तरी चालेल. काळजी हवी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रोज ई-६ करू नका. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि तो जाहीर करा. त्या दिवशी ताजं केमिकल कालवा, जमलेले सगळे रोल एकदम काढा आणि उरलेलं टाकून द्या. आम्ही थांबू. स्लाइड काढणारा माणूस थांबायला शिकलेलाच असतो. आम्हाला घाई नसते, आम्हाला खात्री हवी असते. आज "चार दिवसांत मिळेल" असं सांगून थकलेल्या केमिकलमध्ये काढण्यापेक्षा "पंचवीस तारखेला काढतो, तीस तारखेला मिळेल" असं सांगा.

त्या दिवशी गिऱ्हाइकाचा पहिला रोल टाकीत जाण्याआधी कंट्रोल स्ट्रिप काढा. कारखान्यातूनच ठरावीक प्रमाणात प्रकाश दाखवलेली ती पट्टी धुवायची, डेन्सिटोमीटरवर, म्हणजे फिल्मचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायची आणि आकडे तक्त्यावर लिहायचे. पूर्वी चांगल्या लॅबमध्ये हे रोज सकाळी व्हायचं, चहाच्याही आधी. डेन्सिटोमीटर नसेल तर निदान करड्या कार्डाचे फोटो काढलेला फिल्मचा एक फूटभर तुकडा धुऊन काढा आणि चांगल्या जुन्या स्लाइडशेजारी लाइट बॉक्सवर ठेवून डोळ्यांनी बघा. झाक दिसली तर त्या दिवशी आमचे रोल काढू नका. आम्हाला फोन करा, पुढच्या महिन्यात काढू. तक्रार करणार नाही, उलट तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

पाकिटावर तीन ओळी लिहा. केमिकल कधी कालवलं, त्यात हा कितवा रोल, पहिला डेव्हलपर किती मिनिटं. यासाठी पैसे लागत नाहीत. एखादा रोल काळपट आला तर त्या तीन ओळींवरून तुम्हाला आणि मला दोघांनाही कळेल की झालं काय.

आणि स्कॅनबद्दल. हल्ली आधी स्कॅन मोबाइलवर येतात आणि फिल्म मागाहून. स्कॅनर आपोआप रंग जुळवून घेतो, किरमिजी झाक पुसून टाकतो, काळपट फ्रेम उजळतो. आम्ही बघून खूश होतो. तीन आठवड्यांनी खरी पट्टी हातात येते तेव्हा कळतं की टाकीत काय झालं होतं. स्लाइडचे स्कॅन पाठवणार असाल तर रंग न जुळवता, जशी पट्टी आहे तसे पाठवा. चूक झाली असेल तर ती आम्हाला पहिल्याच दिवशी दिसू दे.

ज्यांना ई-६ जमत नाही त्यांनी तसं सांगावं. यात कमीपणा कसला? आमच्या गल्लीत एक स्टुडिओवाले आहेत, लग्नाचे अल्बम करतात. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे रोल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कॅसेट हातात घेऊन चष्मा वर केला, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "सर, हे आपल्याकडं होत नाही ओ. मी घेतला तर वाटोळं होईल त्याचं." रोल परत माझ्या हातावर ठेवला. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. घरातल्या बारशापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं काम मी त्यांनाच दिलं.

आता आमच्याकडून काय मिळेल ते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे कोल्हापूर मिळून आम्ही नऊ जण आहोत. कोणी माझ्यासारखं झाडांवर, कोणी हलशी-देगावच्या देवळांवर, एक तरुण मुलगी शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीवर काम करते. रात्रभर चालणारी ती मिरवणूक स्लाइडवर, तीही दिव्यांच्या उजेडात काढणं सोपं नाही. दोन स्टॉप पुश करावं लागतं, म्हणजे पहिल्या डेव्हलपरमध्ये जास्त वेळ. तिच्या रोलवर ती ते लिहून देते आणि दर वेळी काळजी करत बसते की कोणी वाचेल का. आम्ही ठरवलं आहे की यापुढे सगळे रोल एकत्र करायचे. काढून झालेले रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट फ्रिजमध्ये ठेवायचे, तुमच्या ठरलेल्या दिवसाआधी रात्रीच्या बसने पार्सल करायचे. विमानाने पाठवायचं नाही, तिथल्या स्कॅनरची भीती असते. प्रत्येक रोलवर फिल्मचं नाव, पुश आहे की नाही आणि "पहिली फ्रेम करडी, कापू नये" एवढं लिहायचं. पैसे आगाऊ पाठवायचे. फिल्म महाग झाली आहे. गेल्या वेळी एक रोल मला अडीच हजारांच्या पुढे पडला, म्हणजे शटर एकदा दाबलं की सत्तर रुपये. एवढा खर्च करणारा माणूस धुण्याला रास्त पैसे द्यायला कचरत नाही. नीट काम होत असेल तर दर वाढवा.

महिन्याला आमचे दहा-बारा रोल तरी नक्की. तेवढ्याने टाकी भरत नसेल तर साताऱ्याला, गोव्याला, धारवाडला असेच विखुरलेले लोक आहेत. तुम्ही तारीख जाहीर केलीत तर तेही याच दिवशी पाठवतील. तारीख नाही म्हणून तर आज प्रत्येक जण एकेक रोल वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लॅबकडे पाठवतो आणि कोणाचीच टाकी ताजी राहत नाही.

बेंगळुरूच्या लॅबसाठी या पत्राचं कन्नड भाषांतर आमच्यातलेच एक मास्तर करत आहेत. ते खानापूरला कन्नड शाळेत शिकवतात आणि हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरावर काम करतात. त्यांचेही दोन रोल गेल्या वर्षी वाया गेले.

सध्या माझ्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, चौदा रोल आहेत. पाच माझे, बाकी इतरांचे. त्यातल्या एकात कारवी आहे. पहिल्या उताराची नाही, ती गेली. दुसऱ्या एका बाजूची, उशिरा फुललेली. खानापूरच्या एका गुराख्याने सांगितलं म्हणून कळलं. पहिली फ्रेम करडी आहे. हा रोल मी कोणाकडे पाठवायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्यापैकी जो कोणी तारीख कळवेल, त्याच्याकडे चौदाच्या चौदा पाठवतो.

आपला,
स्लाइडवर काम करणारा एक वाचक
टिळकवाडी, बेळगाव